डावा खांदा

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. होळीनंतरच्या पहिल्या रविवारी, संध्याकाळचा वर्ग संपल्यावर, बाईंनी सांगितलं की त्या इस्रायलला मुलीकडे कायमच्या जाणार आहेत. गाण्याचा वर्ग बंद करायचा नाही, जाण्याआधी कुणाच्या तरी हाती द्यायचा, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं. वर्गात बहुतेक शाळकरी मुली होत्या. मोठी माणसं दोनच. जवळच्या कोन गावाहून एसटीने येणारी कॉलेजातली एक मुलगी आणि मी.

मी पन्नाशीच्या जवळ होतो. मुंबईतल्या एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो आणि नवीन पनवेलला राहत होतो. वर्ग मला हवा होता. तो मिळाला तर नोकरी मुदतीआधी सोडायची, असं मी त्या रात्री घरी सांगितलं.

"सोडा," बायको म्हणाली. "पण आधी बाईंना विचारा. तुम्ही आधी बातमी छापता आणि मग खरी आहे का ते बघता."

"आम्ही तसं करत नाही."

"ऑफिसात नसाल करत. घरी करता."

बाईंना विचारायला मी आणखी काही आठवडे घेतले. कारण बाई काय म्हणतील ते मला साधारण माहीत होतं. माझा डावा खांदा.

बाई बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाच्या. मुंबईत एका मोठ्या इस्पितळात नर्स होत्या. नोकरी करत असतानाच एका खाँसाहेबांकडे गाणं शिकल्या. निवृत्त झाल्यावर पनवेलला तळ्याजवळच्या आपल्या घरी राहायला आल्या आणि पुढच्या खोलीत वर्ग सुरू केला. यजमान आधीच वारले होते. त्यांच्या समाजातली आजूबाजूची घरं एकेक करून बंद होत होती. वर्ग बुधवारी आणि रविवारी संध्याकाळी भरे.

काही वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी मला सा लावायला सांगितला. मी लावला. त्यांनी पेटी थांबवली, उठून जवळ आल्या आणि म्हणाल्या, "स्वतःचा अंगठा हनुवटीखाली धरा. आता पुन्हा लावा. काय लागतंय?"

"कडक लागतंय."

"दगड आहे तो. जिभेचं मूळ. गाणं त्याच्या पलीकडे अडकलंय. आणि हा डावा खांदा कशाला वर धरलाय? काही पडतंय का?"

माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. तालुक्यांचे वार्ताहर संध्याकाळी फोनवरून बातमी सांगत. रिसीव्हर डाव्या कानाला लावायचा. तो घसरू नये म्हणून खांदा वर आणि जबडा त्याच्यावर दाबलेला. डाव्या हाताने कागद धरायचा, उजव्या हाताने लिहायचं. लाइन कधी तुटेल याचा नेम नसे, म्हणून मधे थांबायचं नाही. डेस्कवरचे सगळे असेच बसत. बाहेरून कुणी आत डोकावलं असतं तर त्याला सगळं टेबल एका बाजूला कललेलं दिसलं असतं. आम्हाला ते दिसत नव्हतं. वीस-बावीस वर्षं हे काम केल्यावर फोन ठेवला तरी खांदा खाली येत नसे.

बाईंनी हे ऐकून घेतलं. "म्हणजे गाताना तुम्ही फोनवर असता," त्या म्हणाल्या.

दुसरी अडचण माझ्या रियाजाने तयार केली होती. नवीन पनवेलच्या इमारतींच्या भिंती पातळ होत्या. वरच्या मजल्यावर दहावीची मुलगी अभ्यास करत असे, शेजारी रात्रपाळी करून आलेला माणूस झोपलेला असे. मी स्वयंपाकघराच्या खिडक्या लावून घ्यायचो आणि तोंडासमोर उशी धरून गायचो. आमच्या इमारतीत संवादिनी शिकणारे एक गृहस्थ भात्यावर चादर टाकून वाजवत, तेव्हा मला यात वेगळं काही वाटलं नव्हतं. रियाज मी नेमाने केला. वर्षभराने बाईंनी विचारलं, "घरी कशात गाता?"

"कशात म्हणजे?"

"कपाटात गाता, की उशीत?"

"उशीत."

"वाटलंच. आवाज कापसातून येतो. बरं, इथे उशी नाही. तरी तुम्ही ती धरूनच गाताय." मग त्यांनी विचारलं, "रियाज रोज करता?"

"रोज."

"मग थोडे दिवस करू नका."

त्यानंतर शनिवार सुरू झाले. माझी साप्ताहिक सुट्टी शनिवारी असे आणि बाईंचा शब्बाथही शनिवारी. शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी तारे दिसेपर्यंत त्या पेटी उघडत नसत, तंबोऱ्याला हात लावत नसत, गॅस पेटवत नसत. जेवण आदल्या दिवशीचं. "तुमची सुट्टी आणि माझी सुट्टी एकाच दिवशी आली, त्याला आपण काय करणार," त्या म्हणाल्या. "तुम्ही या. मी शिकवणार नाही. पण या."

शुक्रवारची रात्रपाळी उतरून मी मुंबईहून पहिल्या गाड्यांपैकी एखाद्या एसटीने निघे. वाशीचा पूल ओलांडेपर्यंत झोप लागलेली असे आणि पनवेलच्या डेपोत कंडक्टर उठवत असे. घरी न जाता तसाच तळ्याजवळ जायचो. बाई पुढच्या खोलीत चटई टाकून ठेवत. उशी देत नसत. मी कमरेचा पट्टा सैल करून आडवा व्हायचो. बाई खुर्चीवर बसायच्या, हातात त्यांचं प्रार्थनेचं पुस्तक.

"जबडा सोडा."

"सोडला."

"हा सोडलेला नाही. हा उघडून धरलेला आहे."

पहिले कित्येक शनिवार याच दोन वाक्यांवर गेले. जबडा सोडणं आणि तो उघडा धरणं यात फरक आहे हे मला समजत होतं, पण करता येत नव्हतं. सोडायचं म्हटलं की मी सोडण्याचं काम सुरू करायचो. कपाळाला आठी पडे. बाई पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणत, "आठी."

एकदा त्यांनी इस्पितळातलं सांगितलं. ऑपरेशन झालेल्या पेशंटला खोकायला शिकवावं लागतं. टाके दुखतील म्हणून तो पोट आवळून धरतो, खोकत नाही, मग कफ साचतो. त्याला खोक म्हणून उपयोग नसतो. आधी त्याला पोट सोडायला शिकवायचं. "हे मी तीस वर्षं केलं," त्या म्हणाल्या. "तुमचे टाके कुठे आहेत तेवढं मला अजून सापडलेलं नाही."

"श्वास खोल घेऊ का?"

"घेऊ नका. आज काम मना आहे. श्वास घ्यायचंही काम करू नका. तो येतो. त्याला आवतण लागत नाही."

मी बहुतेक वेळा झोपून जायचो. जाग आली की बाई म्हणत, "झालं आजचं गाणं. घरी जा, बायको वाट बघत असेल." बायको म्हणायची, "इतकी वर्षं मी झोपा म्हणते, तेव्हा झोपत नाही. आता शिकवणी लावून झोपता."

या पद्धतीने फरक पडला, पण थोडा. खर्जातले स्वर मोकळे झाले. मध्य सप्तकात पंचमापर्यंत हनुवटीखालचा कडकपणा गेला. धैवताच्या वर तो परत येई, आणि त्याच्याबरोबर खांदाही येई. रविवारी बाई माझ्या डाव्या खांद्यावर घडी घातलेला नॅपकिन ठेवत. तार सा लावताना तो पडला की शेजारची मुलगी उचलून परत ठेवायची. तो तिचा ठरलेला उद्योग झाला होता. खांदा खाली धरून ठेवायचा प्रयत्न केला की नॅपकिन राही आणि आवाज बसे. बाई म्हणत, "खाली दाबलेला खांदा म्हणजे वर उचललेलाच खांदा."

मे महिन्यात मी त्यांना विचारलं. वर्ग संपला होता, मुली चपला शोधत होत्या.

"वर्ग मला द्याल?"

"द्यायला पाहिजे," बाई म्हणाल्या. "राग तुम्हाला माझ्याइतके माहीत आहेत. तालाला पक्के आहात. मुलींवर ओरडत नाही. तुमच्याएवढं कुणाला येत नाही इथे."

"पण."

"पण मुली कानाने शिकत नाहीत, डोळ्यांनी शिकतात. आमच्या खाँसाहेबांचा उजवा गुडघा दुखायचा. ते पाय पसरून बसायचे. आम्ही सगळे शागीर्द उजवा पाय पसरून बसायचो. एकाचाही गुडघा दुखत नव्हता." त्यांनी पेटीचा भाता बंद केला. "माझं तिकीट नव्याच्या सणानंतरचं, आमचं नवं वर्ष लागल्यावरचं. गणपती होऊ देत. तोवर खांदा खाली आला तर वर्ग तुमचा."

"नाही आला तर?"

त्यांनी कोनच्या मुलीकडे पाहिलं. ती ओट्यावर बसून एसटीची वाट बघत होती.

या मुलीबद्दल लिहायला हवं. ती शेतकरी घरातली, लहानपणापासून बाईंकडे शिकत होती. आवाज मोकळा होता. तो कुठून तसा आला याचं कारण कुणाला माहीत नव्हतं आणि तिलाही नव्हतं. गाता गाता मधेच तिला जांभई येई. सुरुवातीला बाई यावरून बोलत, नंतर बोलेनाशा झाल्या. तालात मात्र ती कच्ची होती. तीनतालात जिथे टाळी पडत नाही त्या खालीच्या ठिकाणी एक मात्रा खायची आणि समेवर सगळ्यांच्या आधी पोचून इकडेतिकडे बघत बसायची. रागाचं शास्त्र विचारलं की म्हणायची, "बाई, ते काकांना विचारा." आपण वर्ग चालवावा असं तिच्या मनात नव्हतं. तिला बँकेत लागायचं होतं.

आषाढात बाई मुंबईला गेल्या. पासपोर्ट, व्हिसा, दातांचं काम आणि बहिणीकडे राहणं, असं सगळं मिळून सहा-सात आठवडे जाणार होते. तेवढे दिवस वर्ग मी घ्यावा, असं त्यांनी सांगितलं. भूप नव्याने सुरू झाला होता. बंदिश बसवायची, आलाप आणि सोप्या ताना करून घ्यायच्या. मी बुधवारच्या पाळ्या सहकाऱ्यांशी बदलून घेतल्या. त्या बदल्यात त्यांच्या रात्रपाळ्या माझ्याकडे आल्या. रविवारी सकाळची पाळी करून थेट वर्गावर पोचायचो. शनिवारी झोप काढायचो, पण घरी.

वर्ग शिस्तीत चालला. मुली वेळेवर येत. मी आधी स्वर म्हणून दाखवायचो, मुली माझ्यामागून म्हणायच्या. माझ्या समोरच्या रांगेत सर्वांत लहान बसत. त्यांतली एक, तिसरीतली, प्रश्न फार विचारायची.

"काका, तुम्ही गाताना कुणावर चिडता?"

"कुणावर नाही."

"मग तोंड असं का होतं?"

"कसं?"

तिने करून दाखवलं. मुली हसल्या. मीही हसलो. दुसरी म्हणाली, "बाबांचं पण होतं असं. स्कूटर सुरू होत नाही तेव्हा."

"चला, ग प ध सा," मी म्हटलं. "सगळ्यांनी एकदम."

आठव्या-नवव्या खेपेपर्यंत बंदिश पक्की झाली. समेवर सगळ्या एकत्र येत. ताना स्वच्छ होत्या. तार सा सुरात लागे, थोडा ताणलेला वाटे, पण सुरात. मी बायकोला सांगितलं की वर्ग चांगला चाललाय. ती म्हणाली, "तुम्ही वाळलात." कोनची मुलगी या काळात आली नाही. घरी भाताची लावणी होती, नंतर कॉलेजचे पेपर होते. ही नोंद इथे करायला हवी, कारण पुढच्या गोष्टीत तिचा संबंध आहे.

गौरी-गणपती झाले. अनंत चतुर्दशीनंतरच्या रविवारी बाई वर्गाला आल्या. दात नवे बसवले होते, त्याने त्यांचं बोलणं थोडं वेगळं ऐकू येत होतं. मुलींनी ते लगेच हेरलं आणि एकमेकींना कोपर मारलं. बाई म्हणाल्या, "हो, हो, नवीन आहेत. सवय होईपर्यंत मी बोबडी. आता तुम्ही गा. एकेकीने."

मी भिंतीजवळ बसलो होतो. पहिली मुलगी उभी राहिली. बंदिश बिनचूक म्हटली. अंतऱ्यात तार सा आला तेव्हा तिचा डावा खांदा वर गेला. बाईंनी मान डोलावली आणि तिला बसवलं. दुसरी उभी राहिली. तिचाही डावा खांदा वर गेला. तिसरीचा गेला नाही. चौथीचा गेला, आणि हनुवटी पुढे आली. मी तोपर्यंत स्वर ऐकत होतो. चौथीनंतर ऐकणं थांबवलं आणि बघायला लागलो.

शेवटी तिसरीतली ती लहान मुलगी उभी राहिली. तिने तार सा लावताना खांदा वर घेतला, आणि मानही डावीकडे कलती केली. गाल खांद्याला जवळजवळ टेकला. डावा हात पोटाशी आडवा धरला होता, कागद धरावा तसा. स्वर बरोबर होता.

बाईंनी तिला जवळ बोलावलं. "बाळ, कान दुखतो का?"

"नाही."

"मान दुखते?"

"नाही."

"मग मान अशी का केलीस?"

"वर जाताना करतात ना," ती म्हणाली. "काका करतात."

खोलीत कुणी हसलं नाही. मुलींना यात हसण्यासारखं काही वाटलं नव्हतं. वर जाताना तसं करतात, एवढंच.

मग बाईंनी कोनच्या मुलीला उभं केलं. तिला बंदिश धड येत नव्हती, ती वहीत बघून गायली. एक मात्रा खाल्ली. खांदे खाली होते.

मुली गेल्यावर मी आणि बाई ओट्यावर आलो. समोर तळ्याच्या काठावर कुणीतरी गणपतीच्या मखराचे बांबू आणि थर्माकोल टाकून गेलं होतं.

"ते माझं आहे," मी म्हटलं.

"हो."

"त्यांचं सुटेल?"

"सुटेल. लहान आहेत. पण ज्याचं आहे त्याच्यासमोर बसून नाही सुटणार."

"माझं?"

"तुम्ही थकलाय," बाई म्हणाल्या. "शनिवारी या."

तो शनिवार असा. मी सलग तीन रात्रपाळ्या करून आलो होतो. चटई टाकलेली होती. पडल्याबरोबर झोप लागली. किती वेळ झोपलो ते माहीत नाही. जाग आली तेव्हा ऊन खिडकीतून चटईवर आलं होतं आणि आतल्या खोलीत बाई हलक्या आवाजात हिब्रू प्रार्थना म्हणत होत्या. त्यांचा सूर मला माझ्या पट्टीच्या मध्यमासारखा ऐकू आला. उठायची ताकद नव्हती. जबडा लटकलेला होता, दात दातांवर नव्हते. श्वास बाहेर जाताना मी त्यांच्या सुराच्या मापाने सा म्हटला. मग रे, ग. थांबलो नाही. पंचमाच्या वर गेलो, धैवत आला आणि गेला, आणि तार सा लागला. तो लावला असं वाटलं नाही. अंगठा हनुवटीखाली ठेवायचं सुचलं तेव्हा ठेवला. तिथे मऊ होतं.

आतली प्रार्थना थांबली होती. बाई दारात येऊन उभ्या होत्या.

"हाच," त्या म्हणाल्या.

"परत लावू?"

"नको. आज काम मना आहे."

घरी जाताना मी रिक्षा केली नाही. रेल्वेच्या पुलावरून चालत नवीन पनवेलला गेलो. बायकोला सांगितलं की आज लागला. तिने विचारलं, काय लागला, आणि ऐकल्यावर म्हणाली, "मग बाई काय म्हणाल्या?" मी सांगितलं की काही नाही म्हणाल्या, उद्या बघतील. तिने मला जेवायला वाढलं. मी चालू महिन्याचं कॅलेंडर काढून बघत बसलो. राजीनाम्याला एक महिन्याची सूचना लागत होती.

रविवारी वर्गाच्या आधी बाईंनी मला एकट्याला बोलावलं होतं. तंबोरा लावून त्यांनी माझ्यासमोर ठेवला. मी मांडी घालून बसलो, डोळे मिटले, आदल्या दिवशीचं ऊन आठवलं, लटकलेला जबडा आठवला. तोच जबडा लटकवला. बाईंनी खांद्यावर नॅपकिन ठेवला. मी सा लावला. पंचमापर्यंत ठीक होतं. धैवतावर मला कळलं की मी वाट बघतोय. तार सा लागायच्या आधीच नॅपकिन पडला.

दुसऱ्यांदा केलं. पडला. तिसऱ्यांदा बाईंनी तो परत ठेवला नाही. घडी घालून पेटीवर ठेवला.

"काल होता," मी म्हटलं.

"काल होता. मी ऐकला. खोटं नाही म्हणत मी."

"महिनाभर दिलात तर येईल."

"येईल. महिन्याने किंवा वर्षाने. तुमच्याकडे येईल हे मला माहीत आहे." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "पण माझ्याकडे महिना नाही, आणि त्या पोरींना रोज बघायला काहीतरी लागतं. मी तिला सांगितलंय. ती नाही म्हणतेय. तुम्ही तिला हो म्हणायला लावा."

"मी?"

"तुमचं ऐकेल. म्हणते, काका असताना मी कशी बसू."

कोनची मुलगी तोपर्यंत ओट्यावर आली होती. तिने आमचं शेवटचं बोलणं ऐकलं असावं, कारण आत येतानाच ती म्हणाली, "मना नाय जमायचं, बाई. मला झपताल पण येत नाय नीट."

"झपताल काका बघतील," बाई म्हणाल्या. "तू फक्त समोर बस आणि गा. जांभई आली तर दे."

"मग वर्ग काकाच घेतील ना. मी बसते पुढे नुसती."

"वर्ग तू घ्यायचा," मी म्हटलं. "ताल चुकला तर मी हात करीन. शास्त्र विचारलं तर मी सांगेन. पण मुलींनी बघायचं तुझ्याकडे."

तिने पेटीवरचा नॅपकिन उचलून त्याची घडी पुन्हा घातली. मग म्हणाली, "बँकेची परीक्षा हाय माझी फेब्रुवारीत."

"तोपर्यंत घे. पुढचं पुढे."

"आणि मी पास झाले तर?"

"तर नेमणूक येईपर्यंत काकांना खांद्यासाठी आणखी वर्षभर मिळालं," बाई म्हणाल्या, आणि तिला पाणी प्यायला आत पाठवलं.

नव्याचा सण झाला. बाईंच्या निघण्याच्या आदल्या आठवड्यात वर्गातल्या मुलींनी नारळ आणले. प्रत्येकीने एक बाईंपुढे आणि एक कोनच्या मुलीपुढे ठेवायचा, असं त्यांच्या आयांनी ठरवलं होतं. बाईंनी आधी हे सगळं नको, आमच्यात असं नसतं म्हटलं, मग आयांच्या आग्रहाने बसल्या. बसल्या त्या पेटीच्या बाजूला. पेटीसमोरच्या आपल्या जागी त्यांनी तिला बसवलं. मुली रांगेने पुढे येऊन नमस्कार करत होत्या. लहान मुलीचा नारळ हातातून सुटला आणि पेटीखाली गेला. तो काढायला दोन मुली वाकल्या.

रांगेत शेवटी मी होतो. माझ्याकडेही दोन नारळ होते. एक बाईंपुढे ठेवला आणि वाकलो. दुसरा तिच्यापुढे ठेवून वाकायला लागलो तशी ती उठूनच उभी राहिली.

"काका, नाय नाय. तुमी नका."

"रांगेत आहे ना मी."

"नका ना. माझे बाबा तुमच्याहून लहान हायत."

"बस खाली," बाई तिला म्हणाल्या. "करू दे. कंबर तरी मोकळी होईल त्यांची."

आया हसल्या. मुलगी बसली, पाय साडीखाली ओढून घेतले आणि दुसरीकडे बघत राहिली. मी नमस्कार केला.

बाई बुधवारी गेल्या. सोडायला त्यांच्या बहिणीची मुलं मुंबईहून गाडी घेऊन आली होती. पेटी आणि तंबोरा इथेच राहिले. घराची किल्ली पुढच्या खोलीपुरती कोनच्या मुलीकडे दिली. मी त्या दिवशी कामावर होतो. राजीनामा दिला नव्हता.

पुढच्या रविवारी संध्याकाळी वर्ग त्याच खोलीत भरला. ती पेटीसमोर बसली. मी मुलींच्या मागे, तिला माझा हात दिसेल पण मुलींना मी दिसणार नाही, अशा जागी बसलो. बंदिश आणि ताना तिने बाजूला ठेवायला सांगितल्या. भूप पुन्हा पहिल्या सा पासून सुरू झाला.